पाच मिनिटांची कुदळ

आमचे गाव खांब. परक्या माणसाला नाव सांगितले की तो हसून विचारतो, "विजेचा खांब की देवळाचा?" मुंबई-गोवा रस्त्याने येताना नागोठणे मागे पडले आणि कोलाड यायचे असले की मध्ये आम्ही लागतो. गावातून डोंगराकडे नजर टाकली की सुरगड दिसतो. नकाशात तो लहान आहे, इतिहासाच्या पुस्तकांत त्याहून लहान. पण भाताच्या खाचराच्या बांधावर उभे राहून पाहणाऱ्या शाळकरी पोराला तो आभाळाला टेकलेला वाटतो. लहानपणी मी तो धावत चढलो आहे. चाळिशी उलटली आणि तोच गड कुणी रातोरात उंच करून ठेवल्यासारखा दिसू लागला.

मी सांगणार आहे तो इतिहास आहे. पण त्याचा आरंभ एका दवाखान्यात होतो, त्याला माझा इलाज नाही.

तीन वर्षांपूर्वी शाळेचा जिना चढताना मला धाप लागली. फळ्यावर तारीख लिहायलाही मी मिनिटभर थांबलो. पोरांच्या ध्यानात आले नाही, पण माझ्या आले. त्याच आषाढात मी फिरणे सुरू केले. डोक्यावर छत्री, पायांत रबरी चपला आणि मनात एक बेत : दिवाळीच्या सुट्टीत वर्गातल्या मुलांना घेऊन सुरगड चढायचा. बेत मी वर्गात बोलून बसलो होतो, आणि मास्तराने वर्गात बोललेला शब्द म्हणजे सावकाराचा कागद. तो फिरवता येत नाही.

श्रावणात घरच्या आग्रहाने तालुक्याच्या बाजूला एका डॉक्टरांकडे गेलो. कोण ते सांगण्याचे कारण नाही. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. रक्तात साखर निघाली, रक्ताचा दाबही चढलेला निघाला. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उठता उठता मी उत्साहाने सुरगडाचा बेत सांगितला. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "गुरुजी, तो गड आता चित्रात पाहा. या वयात शरीर कमवायचे नसते, उरले ते सांभाळायचे असते."

वाक्य एवढेच. बाहेर बाकावर बसलेली माणसेही हसली. मीही हसलो. परंतु एस. टी.त बसल्यावर ते वाक्य माझ्या शेजारी येऊन बसले आणि खांबला माझ्याबरोबरच उतरले. दुसऱ्या दिवशी पाऊस होता म्हणून फिरायला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस नव्हता, तरी गेलो नाही. "अहो, छत्री कोपऱ्यातच वाळली की!" घरातून टोमणा आला. मी म्हणालो, "डॉक्टरांनीच सांगितलंय." खोटे बोललो. डॉक्टरांनी चालू नका असे कधीच म्हटले नव्हते. पण माणसाला थांबायचेच असले की दुसऱ्याचा शब्द फार उपयोगी पडतो.

अशी तीन आठवडे गेली आणि सप्टेंबरची ११ तारीख आली. त्या दिवशी विनोबांची जयंती. दर वर्षी शाळेत त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचे काम माझ्याकडे असते. कारण उघड आहे. विनोबा आमच्याच बाजूचे. पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. दर वर्षी मी भूदान, गीताई आणि 'जय जगत्' एवढे सांगून मोकळा होत असे. त्या वर्षी काय झाले कोण जाणे, भाषणाच्या तयारीत माझी नजर एका आकड्यावर थबकली. तो आकडा होता अठ्ठ्याऐंशी पौंड.

१९३८ साली विनोबांचे वजन अठ्ठ्याऐंशी पौंड झाले होते. आजच्या मापात जेमतेम चाळीस किलो. आमच्या सातवीतल्या एखाद्या धष्टपुष्ट मुलाचे असावे तेवढे. आणि वय? बेचाळीस. मी चष्मा पुसून पुन्हा हिशेब केला. बेचाळीसच. म्हणजे माझेच वय, ज्या वयात शरीर कमवायचे नसते म्हणून मला सांगण्यात आले होते.

मग मी भाषण बाजूला ठेवले आणि या एका माणसाच्या शरीराचा इतिहास शोधीत बसलो. आपण थोर माणसांच्या विचारांचा इतिहास लिहितो, त्यांच्या तुरुंगवासाचा लिहितो. पण ज्या हाडामांसाच्या जोरावर त्यांनी हे सारे केले त्याच्याकडे सहसा पाहत नाही. वास्तविक विनोबांची प्रकृती मुळातच नाजूक होती, आणि ती सुधारण्याचा त्यांचा हा पहिला प्रयत्नही नव्हता.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून बडोद्याहून निघालेला हा तरुण सुरतेलाच गाडीतून उतरला आणि काशीला गेला, ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी आश्रमातून रजा घेतली. एक तर वाईला नारायणशास्त्री मराठ्यांजवळ शास्त्राभ्यास करायचा म्हणून, आणि दुसरे, बिघडलेली प्रकृती सुधारायची म्हणून. १९१८च्या आरंभी त्यांनी गांधीजींना या रजेचा हिशेब पत्राने कळवला. त्या पत्रात उपनिषदे आहेत, ब्रह्मसूत्रे आहेत, गीतेचे वर्ग आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीला शरीर आहे. प्रथम रोज दहाबारा मैल चालणे, मग सहा ते आठ शेर दळण दळणे, आणि मग तीनशे सूर्यनमस्कार. शिवाय पायी चारशे मैलांचा प्रवास, त्यात रायगड, सिंहगड, तोरणा हे गड. वेदान्ताच्या अभ्यासकाने आपल्या गुरूला जात्यावरच्या शेरांचा आकडा कळवावा, हे मला फार गोड वाटते. पत्र वाचून गांधीजी थक्क झाले आणि गोरखनाथाने मच्छिंद्रनाथाला हरवल्याचे बोलून गेले, असे नमूद आहे.

तेव्हा विनोबा बाविशीत होते. बाविशीत शरीर ऐकते. खरी परीक्षा पुढे झाली.

वर्ध्याजवळ नालवाडीला राहून त्यांनी सूतकताईच्या मजुरीत पोट भरण्याचा प्रयोग चालवला. तासन्‌तास कातायचे, शिकवायचे, आणि मजुरीत बसेल तेवढेच खायचे. प्रयोग तत्त्वाला धरून होता, पण शरीराने त्याची किंमत मोजली. १९३८ साली गांधीजी जवळच सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, होते. विनोबांची अवस्था त्यांच्या कानी गेली. त्यांनी बोलावून घेतले. मी तुमची शुश्रूषा करतो म्हणाले. विनोबांनी सांगितले की आपल्यामागे पन्नास कामे, त्यांतच रोगी अनेक. माझ्या वाट्याला आपण किती येणार? मग डॉक्टरांकडे जा, असे गांधीजी म्हणाले. त्यावर, त्यापेक्षा यमाकडे जाणे बरे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. आपल्या संस्कृत सुभाषितकारांनी वैद्याला यमाचा सख्खा भाऊ म्हटले आहे, त्याच घराण्यातला हा विनोद. शेवटी हवापालटाचा मुद्दा निघाला. गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणांची नावे घेतली. विनोबा म्हणाले, पवनारला जमनालालजींचा बंगला रिकामाच आहे, तिथे जातो. गांधीजींना हे पसंत पडले; गरिबाला कुठले आले नैनिताल? फक्त एक अट त्यांनी घातली : आश्रमाची सारी काळजी मागे टाकून जायचे.

७ मार्च १९३८ रोजी विनोबा मोटारीने पवनारला गेले. अशक्तपणा एवढा की आयुष्यभर पायी चालणाऱ्या या माणसाला ती चार-पाच मैलांची वाटही मोटारीने जावे लागले. धाम नदीच्या पुलावरून गाडी जात असता त्यांनी मनाशी तीनदा म्हटले की मी सारे सोडले. आणि पलीकडच्या तीरावर उतरल्यावर त्यांनी काय केले? निजून राहिले नाहीत. कुदळ हातात घेतली.

पहिल्या दिवशी त्यांनी शेतात पाच मिनिटे खणले. फक्त पाच. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटे वाढवली. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. असे करीत करीत दिवसाला दोन तासांपर्यंत गेले. तेही सलग नव्हे. मध्ये काही क्षण थांबायचे, मग पुन्हा घाव घालायचे. मी गणिताचा मास्तर, मला राहवले नाही. पाचाला रोज दोन मिळवीत गेले तर एकशेवीसपर्यंत पोहोचायला अठ्ठावन्न दिवस लागतात. दोन महिनेही नव्हेत! पण पहिल्या दिवशीच्या पाच मिनिटांकडे पाहून हे कुणाला खरे वाटले असते? काही महिन्यांत अठ्ठ्याऐंशी पौंडांचे एकशेअठ्ठावीस झाले. चाळीस पौंड, म्हणजे सुमारे अठरा किलो. त्या खणण्यात जमिनीतून भरत-रामाच्या भेटीचे एक जुने शिल्प वर आले. विनोबांनी तो प्रसाद मानला. ते आजही पवनारच्या आश्रमात आहे. मला मात्र वाटते, खणता खणता आणखी एक गोष्ट वर आली होती, ती म्हणजे त्यांचे स्वतःचे शरीर.

दोनच वर्षांनी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, याच पवनारात या माणसाने वैयक्तिक सत्याग्रहातला पहिला सत्याग्रही म्हणून भाषण केले. आणि १९५१ साली, पंचावन्नाव्या वर्षी, वर्ध्याच्या बाजूने हैदराबादेकडे सुमारे तीनशे मैल चालत गेला. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकर जमिनीचे पहिले दान मिळाले आणि भूदानाची पदयात्रा सुरू झाली. ती संपवून विनोबा पवनारला परतले ते १० एप्रिल १९६४ला. तेरा वर्षे, रोज पहाटे उठून चालणे. ज्याला नदीपलीकडे न्यायला मोटार लागली होती, तो माणूस अर्धा देश पायाखाली घालून आला!

येथे थांबून मी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर वाचक म्हणतील, मास्तर औषधाच्या बाटल्या फेकायला सांगतोय. तसे नव्हे. १९५२च्या डिसेंबरात, तेव्हाच्या बिहारातल्या चांडिलला, विनोबांना अतिशय कडक हिवताप आला. त्यांनी औषध नाकारले. प्रकृती चिंताजनक झाली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांपासून सर्वांनी गळ घातली, आणि शेवटी विनोबांनी औषध घेतले. ताप उतरला. त्या वेळी ते अडून बसते, तर पुढची अकरा वर्षांची चाल झालीच नसती. म्हणून मी मुलांना सांगतो, चांडिलची गोष्ट सोडून पवनारची गोष्ट सांगू नये. पवनारला कुदळीने वाचवले, चांडिलला औषधाने. कुठे काय लागते, हे ओळखण्यातच शहाणपण आहे.

या वाटेने शोधीत गेलो तेव्हा आणखी माणसे भेटली. बाळ गंगाधर टिळक हा असाच किरकोळ प्रकृतीचा विद्यार्थी. १८७३ साली डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्याने पहिले वर्ष पुस्तकांऐवजी तालमीला आणि पोहण्याला वाहिले. परीक्षेत ते वर्ष गेले. घरच्यांना काय वाटले असेल! पण पुढे हाच विद्यार्थी पहिल्या वर्गात बी. ए. झाला, आणि मंडालेच्या सहा वर्षांतून जिवंत परत आला. ते एक वर्ष वाया गेले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरी गोष्ट सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरची. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १९४४चा. लहान वयात लष्करात गेलेले, मुष्टियुद्ध खेळणारे. १९६५च्या युद्धात सियालकोटच्या आघाडीवर त्यांना नऊ गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्यात रुतून बसली आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. ज्या पायांवर मुष्टियोद्धा नाचतो तेच गेले. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. उपचार म्हणून सुरू झालेले पोहणे त्यांनी सोडले नाही. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबलटेनिस खेळले, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन जागतिक विक्रमासह सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमध्ये भारताचे ते पहिले सुवर्णपदक. देशाच्या ध्यानात ही गोष्ट यायला मात्र फार वर्षे लागली. पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. मेडल मिळवायला सदतीस सेकंद, आणि टाळ्या पोहोचायला जवळजवळ अर्धे शतक!

पेटकरांच्या गोष्टीत एक डॉक्टर पडद्याआड उभा आहे, त्याला पुढे आणले पाहिजे. लुटविग गुटमन हे जर्मनीतून निर्वासित होऊन इंग्लंडात गेलेले डॉक्टर. १९४४ साली स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात कणा मोडलेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे आला. तोवर अशा रोग्यांविषयी वैद्यकाचे मत एकच होते : पाठीवर निजवून ठेवा, वर्ष-दोन वर्षांत सुटतील. गुटमननी त्यांना उठवून बसवले, कामाला लावले, खेळायला लावले. २९ जुलै १९४८ला, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी इस्पितळाच्या हिरवळीवर सोळा अपंग सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. त्याच रोपट्याचा वृक्ष म्हणजे पॅरालिम्पिक. म्हणजे, नाउमेद करणारा शब्द डॉक्टरांच्या तोंडचा होता, आणि तो खोडून काढणाराही डॉक्टरच होता.

हृदयरोगाचेही तसेच घडले. एके काळी हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे बिछान्याला खिळवून ठेवीत. १९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून असतो, कंडक्टर दिवसभर जिना चढतो-उतरतो. गणवेश एक, गाडी एक. पण हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला. जिन्याच्या पायऱ्यांनी कंडक्टरांना राखले होते. दोनच वर्षांनी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, तेव्हा पॉल डडली व्हाइट या डॉक्टरांनी त्यांना जन्माचे रोगी न ठरवता पुन्हा चालते केले. ते पुढच्या वर्षी निवडणूक लढले आणि जिंकलेही. थोडक्यात, 'आता सांभाळा' हा सल्ला 'आता चाला' असा बदलायला वैद्यकालाही वेळ लागला. शास्त्र शिकत असते. फक्त शिकलेले शास्त्र प्रत्येक घाईतल्या माणसाच्या जिभेवर वेळेवर पोहोचतेच असे नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. तेव्हा डॉक्टरांच्या विद्येशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही आणि इच्छाही नाही. पण इतिहासाने मला एक फरक शिकवला. डॉक्टरांच्या बोलण्यात दोन प्रकारची वाक्ये असतात. "साखर वाढली आहे" हे तपासणीचे वाक्य. ते काचेच्या नळीतून आलेले असते, त्यापुढे मान तुकवावी. "आता तुमच्याने होणार नाही" हे भविष्याचे वाक्य. ते नळीतून आलेले नसते. पहिले पाळावे. दुसरे नम्रपणे ऐकावे आणि घरी जाऊन पाच मिनिटे खणावे. मी नेमके उलटे केले होते. भविष्य खरे मानून घरात बसलो होतो, आणि गोळ्या मात्र कधी आठवणीने, कधी विसरून घेत होतो.

त्या वर्षी जयंतीच्या भाषणात मी भूदानावर फारसा बोललो नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात ५ लिहिले, त्याखाली ७, त्याखाली ९, आणि मुलांना विचारले, "एकशेवीस कधी होतील?" एका मुलीने चटकन उत्तर दिले. मग तिनेच विचारले, "गुरुजी, आपण सुरगडला जाणार ना?" सारा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "या दिवाळीला नाही. पण जाणार."

त्या संध्याकाळी मी पाच मिनिटे चाललो. हसण्यासारखी गोष्ट आहे. आषाढात मी एका दमात अर्धा तास चालत होतो. पण त्या अर्ध्या तासामागे हौस होती आणि ती एका वाक्याने मोडली. या पाच मिनिटांमागे हिशेब होता. घरापासून रस्त्यापर्यंत आणि परत. दुसऱ्या दिवशी सात. वर्षानुवर्षे चाललेल्या रुंदीकरणाची धूळ नाकात जाई म्हणून हमरस्ता सोडून बांधांवरून जाऊ लागलो. शेजारचे एक म्हातारे शेतकरी रोज विचारीत, "गुरुजी, काय हरवलं की काय?" मी म्हणे, "हो, शोधतोय." भातकापणी झाली, उडव्या रचल्या गेल्या, रिकाम्या खाचरांत वाल उगवून आला. माघात पोपट्या लागल्या. मडक्यातून भांबुर्डीच्या पाल्याचा वास शेतभर सुटला. मी चालतच होतो. हे सगळे सरळ रेषेत झाले असे समजू नका. दोनदा गुडघा सुजला, एकदा तापाने आठ दिवस निजलो. दर वेळी पुन्हा पाचापासून आरंभ केला. कुदळ ठेवावी लागली तर लाज नाही; ती गंजू देण्यात लाज आहे. गोळ्या मात्र एकही चुकवल्या नाहीत, कारण चांडिल विसरायचे नाही असे ठरवले होते.

वर्षभराने त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला, मागचा कागद मागवला, दोन्ही शेजारी ठेवले. मान वर केली. आपण काही बोललो होतो हे त्यांच्या स्मरणातही नव्हते. जो शब्द मी वर्षभर उराशी बाळगला, तो त्यांच्या लेखी त्या दिवशीच्या चाळीस रोग्यांपैकी एकाशी झालेले चार शब्दांचे बोलणे होते. माझा राग तिथेच ओसरला. "काय केलंत?" त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "पहिल्या दिवशी किती मिनिटं म्हणालात?" मग गंभीरपणे छाती तपासून, पट्टी काढून पाहून, गड चढायला हरकत नाही, मात्र सावकाश, असे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिले.

त्या दिवाळीत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीज उरकून, तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. सतरा मुले, दोन पालक आणि मी. पायथ्याच्या वाडीत कंदील अजून लटकत होते. मुले पुढे पळाली. मी विनोबांच्या रीतीने चढलो. थोडे घाव, थोडे थांबणे. गणितात हुशार असलेली ती मुलगी माझ्याबरोबर मागे राहिली आणि माझे थांबे मोजू लागली. माथ्यावर पाण्याच्या टाक्याशी पोहोचलो तेव्हा तिने जाहीर केले, "गुरुजी, अकरा वेळा थांबलात." मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नऊ."

वरून खांब दिसत होते. घरांचा एक पुंजका, एक शाळा, रस्त्यावरून मुंग्यांसारख्या जाणाऱ्या गाड्या. मुलांनी पिशव्यांतून करंज्या आणि चकल्या काढल्या. माझ्या हातात त्यांनी चकली दिली, करंजी दिली नाही. मास्तराची साखर वर्गभर झालेली! मी त्यांना सांगितले की विनोबा गेले ते १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्याच दिवशी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, अन्न-औषध स्वतःहून थांबवून. अठ्ठ्याऐंशी पौंडांचा झालेला तो देह आणखी चव्वेचाळीस वर्षे चालला होता. कधी सोडायचे ते त्यांनी ठरवले; बेचाळिसाव्या वर्षी मात्र ते दुसऱ्या कुणाला ठरवू दिले नव्हते.

मुलांनी किती ऐकले, ठाऊक नाही. त्यांचे लक्ष चकल्यांकडे होते. उतरताना पाय थरथरत होते, पण तो थरथराट मला आवडला.

वाचकहो, या सणाच्या दिवसांत तुमच्याही घरी कुणी तरी असेल, ज्याला एखाद्या शब्दाने बसवून ठेवले आहे. त्याला उपदेश करू नका. उपदेशाला तो विटलेला असतो. जेवणे झाल्यावर त्याच्या चपला पुढे ठेवा आणि म्हणा, "चला, पाचच मिनिटं." उद्याची सात उद्या पाहू.